टोनी आयोमीची दोन बोटं आणि आपल्याकडची पॉवर प्रेस

दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून परत येतो. काळे कपडे, गळ्यात क्रॉस, डावखुरी गिटार घेतलेला एक मिशीवाला गोरा माणूस. खाली मजकूर असा: कारखान्यात बोटं तुटली, डॉक्टर म्हणाले आता गिटार विसर, पण तो हरला नाही, उलट त्यातूनच हेवी मेटल जन्माला आलं, संकटातच संधी असते वगैरे वगैरे. मागच्या आठवड्यात तो आमच्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर आला. पटापट अंगठे आले. त्या अंगठे दाखवणाऱ्यांत निदान चार जण असे आहेत, की ज्यांच्या हाताच्या कुठल्या ना कुठल्या बोटाला एक पेर कमी आहे.

मी भोसरीत टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली. प्रेसच्या डाय बनवणं, बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम. आणि पॉलिटेक्निकला असताना एका मित्राने ब्लॅक सॅबथची कॅसेट कॉपी करून दिली होती, तेव्हापासून तेही सुटलेलं नाही. म्हणजे हा माणूस दोन्हीकडून माझ्या ओळखीचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

टोनी आयोमी. जन्म 1948, बर्मिंगहॅम. इटालियन वंशाचं घर, ॲस्टन भागात वाढलेला. बर्मिंगहॅम म्हणजे धातूचं गाव. पेनाच्या निबांपासून बंदुकांपर्यंत आणि बटणांपासून मोटारीपर्यंत सगळं तिथे बनायचं. पुढे जो बँड झाला त्यातले चौघेही याच वातावरणातले. गायक ऑझी ऑस्बॉर्नने कत्तलखान्यात काम केलं, मोटारीचे हॉर्न तपासायचं काम केलं. बेस वाजवणारा गीझर बटलर हिशेबाच्या खात्यात उमेदवारी करत होता. आयोमी शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा.

1965 साल. वय 17. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्याला जायचं ठरलं होतं, म्हणून त्याने नोकरी सोडली. तो कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाऊच नये असं त्याच्या मनात होतं. आई म्हणाली, असं अर्धवट सोडून यायचं नाही, दिवस पुरा कर. तो परत गेला. त्या दिवशी प्रेसवरचं माणूस आलेलं नव्हतं. आयोमी वेल्डर, त्याने ते मशीन कधी चालवलेलं नव्हतं, तरी त्याला तिथे उभं केलं. पत्रा सरकवताना प्रेस हातावर आली. दचकून हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तिथेच राहिली. तो डावखुरा. डावखुऱ्याचा उजवा हात म्हणजे गिटारच्या दांडीवर तारा दाबणारा हात. जायला नको होती नेमकी तीच दोन बोटं गेली.

आता हे वाचून ज्यांनी शॉप फ्लोअरवर काम केलंय, त्यांना एका वाक्यापाशी थांबावंसं वाटलं असेल. 'प्रेसवरचं माणूस आलेलं नव्हतं.' बस. माझ्या मामाचा अपघातही याच वाक्याने सुरू होतो. मामा पॅकिंगला होता. ऑपरेटर लग्नाला गावी गेला होता. सुपरवायझर म्हणाला, दोन तास बस जरा, सोपं आहे, पायडल मारायचं नि पीस काढायचा. गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, कारण गार्ड लावलं की तासाला नग कमी निघतात. छोटं वर्कशॉप, नाव सांगण्यात अर्थ नाही, ते आता बंदही झालं. मामाचाही उजवा हात. मधलं बोट आणि अनामिका, एकेक पेर. मामा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा.

मामाकडे परत येतो. आधी आयोमीने काय केलं ते बघू, कारण फॉरवर्डमध्ये जे दोन शब्दांत उरकलेलं असतं, 'हरला नाही', त्याच्या पोटात खरं काय काय आहे ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट त्याने केलीच नाही, ती दुसऱ्याने केली. घरात उदास बसलेला असताना कारखान्याचा फोरमन भेटायला आला आणि एक रेकॉर्ड लावायला लावली. मग सांगितलं, हा जो वाजवतोय ना, त्याची दोन बोटं कामाची नाहीत. ते होते जँगो राइनहार्ट. 1928 साली त्यांच्या राहत्या गाडीला आग लागली, त्यात डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी युरोपचा जॅझ बदलून टाकला. त्या फोरमनबद्दल मला कायम कुतूहल वाटत आलंय. ज्या शॉपमध्ये पोराची बोटं गेली तिथलाच माणूस, आणि त्यालाच ती रेकॉर्ड आठवली.

मग टोप्या. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली असते, तिचा तुकडा वितळवून गोळा केला. गरम सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल असं भोक पाडलं. पॉलिश पेपरने तासत तासत शिंप्याच्या अंगुस्तानासारखा आकार आणला. पण प्लास्टिक तारेवरून घसरतं. म्हणून जुन्या चामडी जॅकेटचा तुकडा वरून चिकटवला. चामडंही नवं असताना पकड घेत नाही, घासून घासून मुरावं लागतं. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच जॅकेटचे तुकडे कापून वापरत होता, कारण तसं चामडं दुसरं मिळालं नाही. टूलरूमचा माणूस म्हणून सांगतो, हे शुद्ध फिटरचं काम आहे. बसवा, काढा, घासा, परत बसवा.

टोप्या झाल्या, पण त्यातून तार जाणवत नाही. आपण हाताने काम करणारे लोक बोटांच्या टोकांनी विचार करतो. बर आहे का, मिलीमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे आहे का, हे बोट सांगतं. आयोमीच्या त्या दोन बोटांना काहीच कळत नव्हतं. तार किती दाबली हे कानाने ऐकून ठरवायचं. जास्त दाबली तर सूर चढतो, कमी दाबली तर खरखर येते. आणि टोपीखाली बोट दुखतं ते वेगळंच.

म्हणून दुसरी दुरुस्ती, तारा. त्या काळात दुकानात मिळणाऱ्या गिटारच्या तारा जाड असत. अमेरिकेत हलक्या तारांचे संच आले होते, पण बर्मिंगहॅमच्या पोराला ते कुठले? त्याने बँजोच्या बारीक तारा आणल्या, त्या वरच्या दोन खुंट्यांना लावल्या आणि बाकीच्या गिटारच्या तारा एकेक घर खाली सरकवल्या. तार बनवणाऱ्या कंपन्यांना जाऊन विचारलं, हलक्या तारा करून द्याल का. उत्तर असं की या कोणी घेणार नाही. आज जगातल्या कुठल्याही गिटारच्या दुकानात हलक्या तारा ढिगाने पडलेल्या असतात.

तिसरी, गिटार. इथे मात्र योगायोग आहे, उगाच सगळ्याला अपघाताचा रंग देऊ नये. तो आधी फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना तिचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन उचलणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, बंद पडला. जवळ दुसरी होती ती गिब्सन एसजी. तीच घेतली आणि जन्मभर राहिली. पण राहिली का, याला कारण आहे. एसजी पातळ, हलकी, दांडी सडपातळ, वरच्या पडद्यांपर्यंत हात सहज जातो. शिवाय फेंडरच्या तारेची वाजणारी लांबी 25.5 इंच, गिब्सनची 24.75. तीच तार त्याच सुराला लावली तर कमी लांबीला ताण कमी लागतो, साधारण 6 टक्के. दुखऱ्या बोटाला 6 टक्केही समजतात. डावखुऱ्यांसाठी गिटार मिळणं तेव्हा कठीण होतं. त्याच्याकडची एसजी उजव्या हाताची, ती तो उलटी धरून वाजवायचा. मग त्याला एक उजवा माणूस भेटला जो डावखुरी एसजी उलटी वाजवत होता. दोघांनी अदलाबदल केली. सिनेमात दाखवलं तर खोटं वाटेल.

आता आवाज. बारीक तार म्हणजे बारीक आवाज, हे कुठल्याही सतारियाला विचारा. तो भरून काढायला पुढची साखळी. ॲम्प्लिफायर लेनी कंपनीचा, तीही बर्मिंगहॅमकडचीच, लिंडन लेनी या पोराने 1967 मध्ये घरच्या घरी सुरू केलेली. शंभर वॉटचे व्हॉल्व्हवाले ॲम्प. आणि त्याच्याआधी डॅलस रेंजमास्टर नावाची एक डबी. आत जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर, बाकी फारसं काही नाही. काम एकच, गिटारकडून येणारा सिग्नल, विशेषतः वरचे सूर, फुगवून ॲम्पच्या तोंडात कोंबायचे. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त दिलं की तो सिग्नलची टोकं कापतो आणि आवाज भरडला जातो. त्यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. आयोमीची रेंजमास्टर एकाने उघडून आणखी तिखट करून दिली होती. इफेक्ट म्हणावं असं त्या सुरुवातीच्या काळात त्याच्याकडे जवळजवळ एवढंच, आणि कधीमधी वा-वा पेडल. आज पोरं पंधरा-पंधरा पेडलचा बोर्ड घेऊन स्टेजवर जातात आणि आवाज तसा का येत नाही म्हणून यूट्यूब बघत बसतात, असो.

या भरडण्यात एक गंमत आहे. पूर्ण कॉर्ड धरायला चार बोटं तारांवर पसरावी लागतात. त्याला ते जड जायचं. म्हणून षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर धरायचे. गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला 82 वेळा कंप पावते, तिचा पंचम साधारण 123. हे दोन्ही भरडलेल्या ॲम्पमधून एकत्र काढले की त्यांच्या फरकाचाही सूर ऐकू येतो, 41. म्हणजे मूळ सुराच्या बरोबर एक सप्तक खाली. कोणी न वाजवलेला खर्ज. दोन बोटांत तीन स्वर.

आणि शेवटची दुरुस्ती, जिच्यामुळे हेवी मेटल 'जड' झालं असं म्हणतात. 1971 चा तिसरा अल्बम, 'मास्टर ऑफ रिॲलिटी'. यातल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. 82 ची तार 69 वर. कंपनं 16 टक्के उतरली, पण ताण वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जवळजवळ 30 टक्के कमी. तार मऊ झाली, बोट सुखावलं. बटलरने बेसही खाली घेतला. जो काळोखी, चिखलातून चालल्यासारखा आवाज ऐकून पुढच्या पन्नास वर्षांतले शेकडो बँड खाली उतरले, त्याचं कारण त्याने स्वतः सांगितलंय ते साधं आहे: बोटांना बरं पडायचं.

बघा, टोपी, तार, गिटार, ॲम्प, डबी, सूर. एका गिटारवाल्याची सामानाची यादी. मला ती यादी बघितली की मेंटेनन्सचं रजिस्टर आठवतं. एका दुपारी एका प्रेसवर जे मोडलं, त्याची दुरुस्ती हा माणूस सहा वर्षं करत होता, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळात.

त्यामुळे 'बोटं तुटली म्हणून हेवी मेटल जन्मलं' हे मला पटत नाही. हिशेबही बसत नाही. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 चा, दुसरा त्याच वर्षीचा. गिटार इतकी खाली उतरली ती तिसऱ्यात. आधीच्या दोन अल्बममध्ये तो जडपणा नाही असं कोण म्हणेल? पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात जे तीन सूर आहेत, त्यातला अंगावर येणारा तीव्र मध्यम हा बोटांतून नाही, कानातून आलाय. बटलर तेव्हा होल्स्ट नावाच्या ब्रिटिश संगीतकाराचं मंगळ ग्रहावरचं संगीत वाजवत बसायचा, त्याचा तो परिणाम. दहाही बोटं शाबूत असलेले लोकही तेव्हा कान फाटेपर्यंत वाजवत होतेच. अपघाताने त्याला कला दिली नाही. कला होती, अपघाताने तिच्या वाटेत पत्रा टाकला.

आता जरा कायद्याचं बोलू, कारण ते या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. त्याच 1965 साली ब्रिटनमध्ये पॉवर प्रेससाठी स्वतंत्र नियम झाले. आयोमीमुळे नव्हे, त्याला तेव्हा कोण ओळखत होतं? प्रेसवर बोटं जाणं हे तिथलं जुनं दुखणं होतं. नियम असा की डाय बसवल्यावर आणि शिफ्टच्या पहिल्या चार तासांत, शिकवलेल्या आणि नेमलेल्या माणसाने गार्ड तपासायचं आणि सही करायची. सही म्हणजे नाव आलं, नाव आलं म्हणजे जबाबदारी आली. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कलम 21 म्हणत होतं की यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला पाहिजे. कलम 23 म्हणत होतं की अठराच्या आतल्या मुलाला, धोका समजावून आणि पुरतं शिकवल्याशिवाय, धोकादायक यंत्रावर उभं करायचं नाही. 17 वर्षांचा आयोमी भोसरीत असता तरी कागदावर सुरक्षित असता.

आणि बोट गेल्यावर काय? त्याचा तक्ता आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होता, तोच ईएसआयच्या कायद्यातही. मधलं बोट पूर्ण गेलं तर 12 टक्के, एक पेर गेलं तर 7. अनामिका पूर्ण गेली तर 7, एक पेर 5. हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं तर मधल्याला 4, अनामिकेला 2. हे टक्के कशाचे? कमावण्याच्या ताकदीचे. ब्रिटनच्या औद्योगिक इजा विम्याच्या तक्त्यातही बोटांना हेच आकडे आहेत. मामाचे 7 अधिक 5, एकूण 12 टक्के. ईएसआयच्या सध्याच्या हिशेबाने महिन्याला 15,000 पगार असेल तर त्याचे 90 टक्के, आणि त्याचे 12 टक्के. 1,620 रुपये. अर्थात कार्ड असेल तर. मामाचं नाव मालकाने चढवलं ते अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.

या तक्त्यात पखवाजाचा रकाना नाही. गिटारचाही नाही.

हे सगळं जुनं झालं असं कोणाला वाटत असेल तर 'सेफ इन इंडिया' या संस्थेचे अहवाल बघा. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत, हरियाणात आणि आपल्या महाराष्ट्रातही, बोटं गमावलेल्या कामगारांची गाऱ्हाणी त्यांनी वर्षानुवर्षं नोंदवली आहेत. सगळ्यात जास्त बोटं कशावर जातात? पॉवर प्रेसवर. बोटं जातात कोणाची? बरेचसे कंत्राटी, बरेचसे परराज्यातून आलेले, कितीतरी जण हेल्पर म्हणून भरती झालेले आणि प्रेसवर बसवलेले. मशीन नवीन, गाडी नवीन, वाक्य तेच. ऑपरेटर आला नव्हता.

आपल्या फॉलोअर्समध्ये चाकण, भोसरी, रांजणगावचे सुपरवायझर आणि दोन-चार मालकही आहेत, मला माहितीये. तुमच्या शॉपमध्ये आज पहिल्या शिफ्टला गार्ड तपासून सही कोणी केली, त्याचं नाव कमेंटमध्ये टाका. नुसतं नाव. मी टूलरूमवाला आहे, दोन हाती बटण बसवायला किती खर्च येतो ते मला पाठ आहे, त्यामुळे तो मुद्दा काढू नका. आणि हो, माझाही हात यात स्वच्छ नाही. गार्ड आड येतं म्हणून डायची रचना बदलायच्या ऐवजी गार्डच कापून दिल्याचं मी माझ्या उमेदीत दोनदा तरी केलंय. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, हे काही उत्तर नव्हे.

मामाचं सांगायचं राहिलं. अपघातानंतर त्याने चार-सहा महिने पखवाजाला हात लावून बघितला. शाईवर थाप पडायची, पण बोटांचे बोल निघेनात. मग त्याने टाळ घेतले. गेली तीस वर्षं तो टाळकऱ्यांत उभा राहतो. पखवाजाच्या बाजूला तो कधीच उभा राहत नाही, ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे, बोलत कोणी नाही.

5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये, ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर, ब्लॅक सॅबथच्या मूळ चौघांनी शेवटचा कार्यक्रम केला. जमलेला पैसा दवाखान्यांना आणि पार्किन्सनच्या संशोधनाला गेला. 22 जुलैला ऑझी वारला. त्या दिवशी मी मामाकडे गेलो होतो आणि मोबाईलवर त्या कार्यक्रमाचा तुकडा बघत बसलो होतो. मामाने डोकावलं. हा गोंगाट काय ऐकतोस असं म्हणेल असं वाटलं, पण तो काही बोलला नाही. त्याने चष्मा पुसला, मोबाईल हातातून घेतला आणि आवाज बंद करून नुसती बोटं बघत बसला.

"टोप्या कशाच्या आहेत रे?"

मी सांगितलं. बाटली, सोल्डरिंग, जॅकेट, सगळं.

"घामाने सुटत नाहीत?"

"चिकटवतो तो."

मामाने तो तुकडा परत पहिल्यापासून लावला. मग मान वर न करता विचारलं, "याला कोणी बसवलं होतं रे प्रेसवर?"